एसी किती खातो?

माझ्या वडिलांनी आयुष्यभर बॉयलर सांभाळला. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कारखान्यात ते बॉयलर अटेंडंट होते. कारखान्यात रंग कसे बनतात हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, पण वाफ कशी वाया जाते हे मात्र आम्हा घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ होतं. गॅसवर दूध ठेवून आई फोनवर बोलायला लागली की बाबा खोलीतून ओरडायचे, "अगं, ज्योत भांड्याच्या बाहेर जळतेय!" ते दूध बघत नसत, ज्योत बघत.

अशा माणसाच्या घरात पहिली चारचाकी आली ती माझ्या पगारातून. जुनी, सेकंडहँड, पण सीएनजीवर चालणारी. मी बी.एस्सी. होऊन बदलापूरजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला लागले, पुढे अंबरनाथच्या दुसऱ्या कारखान्यात गेले. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. बाबांनी माझ्यासाठी किती ओव्हरटाइम केला हे मला माहीत आहे, म्हणून गाडीची पहिली किल्ली मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि माझ्या शेजारी बसून पहिला प्रश्न विचारला, "किती ॲव्हरेज देते?"

दुसरं वाक्य होतं, "एसी बंद कर."

त्या वेळी मी हसले आणि एसी बंद केला. काचा खाली करून आम्ही बदलापुरात आमच्या कात्रपच्या रस्त्यांवर एक फेरी मारून आलो. बाबा खुशीत होते. तेव्हा ते न थांबता बोलू शकत होते.

रिटायर झाल्यावर काही दिवसांतच त्यांना दम लागायला लागला. आधी आम्ही वयावर ढकललं. मग एक दिवस जिन्यात ते मधल्या मजल्यावर कठडा धरून बसले आणि उठेनात. आमचा फ्लॅट कात्रपला तिसऱ्या मजल्यावर आहे, बिल्डिंगला लिफ्ट नाही. घर घेतलं तेव्हा बाबा दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन तीन मजले चढत, लिफ्टचा विचार कोणाच्या डोक्यात येणार? डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की फुफ्फुसांचा जो भाग गेला तो परत येत नाही, पण उरलेल्या भागाला नीट काम शिकवता येतं. त्यासाठी उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात श्वासाचे व्यायाम करायला जायचं ठरलं. व्यायाम लागू पडले तर जिना चढता येईल. नाही पडले तर बाबा तिसऱ्या मजल्यावर अडकून पडणार. खाली नाक्यावरच्या टपरीवर जुने सोबती जमतात, तिथं आता बाबांची जागा रिकामी असायची. ते गॅलरीतून खाली बघत बसायचे. टपरी गॅलरीतून दिसत नाही, फक्त तिच्या निळ्या ताडपत्रीचा कोपरा दिसतो. ते त्या कोपऱ्याकडे बघायचे.

तर उल्हासनगरला जायचं म्हणजे बदलापूरहून अंबरनाथ, मग एमआयडीसीच्या बाजूने पुढे. उन्हाळा, काचा खाली, समोर डंपर. रस्त्याचं काम कुठे ना कुठे चालूच. माती थेट आत येई. मी एसीकडे हात नेला की बाबा माझ्या मनगटावर हलकेच दोन बोटं ठेवत. एवढंच. बॉयलरच्या गरम पाइपाला अंदाज घ्यायला हात लावावा तसं.

एमआयडीसीच्या वळणावर ते सरळ बसायचे. नाक वर करून म्हणायचे, "आज डायवाले चालू आहेत." पुढे गेलं की, "हा ॲसिटिक. नवीन पाळी बसली वाटतं." मला त्या वासांनी डोकं दुखायचं आणि त्यांना त्या वासांवरून कळायचं की कोणता कारखाना चालू आहे नि कोणता बंद. मग खोकला सुरू व्हायचा. उल्हासनगर येईपर्यंत तो थांबायचा नाही.

हॉस्पिटलात एक तरुण फिजिओथेरपिस्ट होती. माझ्याहून लहान असेल, पण आवाजात शाळेतल्या बाईंचा दरारा. ती बाबांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायची, आकडा बघायची आणि त्यांना खुर्चीत बसवून ठेवायची. त्यांचा श्वास जागेवर येईपर्यंत व्यायामाची वेळ संपून जायची. असं तीन-चारदा झाल्यावर तिने मला नाही, त्यांनाच विचारलं.

"काका, तुम्ही इथे पायी येता का?"

"गाडीनं येतो. हिची गाडी आहे," बाबा अभिमानाने म्हणाले.

"मग गाडीत एसी नाही?"

"आहे की. पण तो खातो."

"काय खातो?"

"गॅस."

ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "काका, एसी गॅस खातो आणि तुम्ही धूळ खाता. दमून आलेल्या फुफ्फुसांकडून मी काय काम करून घेऊ? आता दोन आठवडे घरीच करा, मी दाखवलेत तेवढे. त्यानंतर याल तेव्हा ताजेतवाने या. तेव्हाही असेच आलात तर तुमची वेळ मला दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल. माझ्याकडे माणसं थांबलीयत."

परतताना बाबांनी वळणावर वाससुद्धा ओळखला नाही. अंबरनाथ मागे पडल्यावर मी म्हणाले, "बाबा, लावू का?"

"अर्धा गॅस तोच खातो."

"कोणी सांगितलं?"

"सगळे सांगतात. नाक्यावर विचार कोणालाही."

"नाक्यावरच्या कोणी मोजलंय?"

ते माझ्याकडे बघायला लागले. मला माहीत होतं की हा प्रश्न त्यांना चुकवता येणार नाही. बॉयलरवर त्यांना कोणी "कोळसा जास्त जातोय" म्हटलं की ते विचारत, कशावरून? मोजला का?

"तू मोजणार?" ते म्हणाले.

"मोजते."

"मोज. पाव हिश्श्यापेक्षा कमी निघाला तर लाव तुझा एसी, मी हात लावणार नाही. जास्त निघाला तर काचा उघड्या. पुन्हा विषय काढायचा नाही."

मी हो म्हणाले आणि लगेच मला भीती वाटली. खरंच जास्त निघाला तर? रात्री मी मोबाइलवर शोधून पाहिलं. एकाने लिहिलं होतं, एसीने काहीच फरक पडत नाही. दुसऱ्याने लिहिलं होतं, गाडी विकावी लागेल इतका पडतो. सगळेच छातीठोक सांगत होते आणि कोणती गाडी, कोणता रस्ता, हे कोणीच सांगत नव्हतं.

अंबरनाथ पश्चिमेच्या नगरपालिकेच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवायला एक बाई होत्या. त्यांच्याकडे प्रयोगशाळा म्हणून एक कपाट होतं आणि त्या कपाटाची काच फुटलेली होती. त्यांनी आम्हाला दोन डब्यांत मटकी पेरायला लावली. एक डबा खिडकीत, एक कपाटात. एका मुलीने कपाटातल्या डब्याला पाणी जास्त घातलं, तर बाईंनी सगळा प्रयोग पुन्हा करायला लावला. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कोणामुळे काय झालं हे देवालाही कळणार नाही." मला पुढे प्रयोगशाळेत नोकरी लागली त्यात माझ्या डिग्रीइतकाच त्या वाक्याचा वाटा आहे असं मी मानते.

म्हणून मी ठरवलं की रोजचा कात्रप ते कारखाना हाच रस्ता घ्यायचा. वेळ तीच, गाडीत मी एकटीच, टायरमध्ये हवा तीच. पहिला आठवडा एसी बंद, दुसरा आठवडा चालू. आठवड्याच्या सुरुवातीला सीएनजी फुल्ल भरायचा, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, शेवटी पुन्हा फुल्ल भरायचा. जितके किलो गॅस आत गेला तितका गाडीने खाल्ला. यात चूक कुठे होईल?

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. मग विचारलं, "आणि पेट्रोल? गाडी चालू होताना पेट्रोलवर होते ना?"

हे खरं होतं. सीएनजीची गाडी सुरू होते पेट्रोलवर आणि जरा तापल्यावर गॅसवर जाते. "दोन्ही आठवड्यांत तेवढंच जाईल," मी म्हणाले. "रोज दोनदाच चालू करायचीय."

"नुसत्या पेट्रोलवर चालवली तर किती देते?"

"लिटरला जितकी जाते त्यापेक्षा किलोला जास्त जाते."

"मग पेट्रोल वाईटच."

"बाबा, किलो आणि लिटर. एक किलो गॅसमध्ये एका लिटर पेट्रोलपेक्षा उष्णताच जास्त असते. दोघांची तुलना अशी नाही होत."

ते म्हणाले, "आमच्याकडे तेल बंद करून जाळायला भुशाच्या कांड्या आणल्या होत्या, तेव्हा साहेब बोंबलायचा, इतका ढीग कसा लागतो म्हणून. वाफ तेवढीच, ढीग मोठा." आणि स्वतःशीच हसले. बऱ्याच दिवसांनी ते कारखान्यातली गोष्ट सांगून हसले होते. मला त्या प्रयोगाचं तेव्हाच सार्थक झाल्यासारखं वाटलं.

पहिला आठवडा मी घामाने भिजत काढला. कारखान्यात पोचले की ओढणी आधी पंख्याखाली वाळत टाकायची. सहकारी म्हणायच्या, "गाडी घेऊन पण बसने आल्यासारखी दिसतेस." मी म्हणायचे, प्रयोग चालू आहे. आठवडा संपल्यावर सोमवारी सकाळी लवकर, पंप मोकळा असताना, पुन्हा गॅस भरला. आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवला.

दुसरा आठवडा एसीचा. खोटं कशाला बोलू, मजेत गेला. पहिल्यांदाच मला गाडीत बसून स्वतःचे विचार ऐकू येत होते. फक्त अंबरनाथच्या उड्डाणपुलाचा चढ आला की गाडी गॅसवर जड झाल्यासारखी वाटे, ॲक्सिलरेटर दाबावा लागे, आणि मला वाटे की हा बघा, हा खातोय. चढ संपला की विसरून जाई.

हॉस्पिटलची तारीख मंगळवारी होती. त्यामुळे सोमवारी गॅस भरून निकाल लावायचा असं ठरलं. पण सोमवारी सकाळी कारखान्यात लवकर बोलावलं, म्हणून भरायचं राहिलं. संध्याकाळी येताना पंपावर गेले तर रिक्षांची रांग मुख्य रस्त्यापर्यंत आलेली. माझ्या पुढचा रिक्षावाला खाली उतरून, टॉवेलने मान पुसत माझ्या खिडकीशी आला.

"ताई, एसी लावून बसलात, मस्त आहे तुमचं. पण आज प्रेशर नाय हां. आधीच सांगतो. दुपारपासून असंच चाललंय."

"भरतायत ना पण?"

"भरतायत तर. नसता भरला तर मी इथं काय लग्नाला थांबलोय?"

माझी पाळी आली. मी नियमाप्रमाणे उतरून बाजूला उभी राहिले. गॅस भरताना गाडीत कोणालाच बसू देत नाहीत. पंपावरच्या मुलीने नळी लावली, आकडे धावले, थांबले. मी फक्त किलोचा आकडा बघत होते. तो बघून मी तिला म्हणाले, "एवढाच?" ती म्हणाली, "एवढाच घेतला." मी गाडीत बसले, हिशेब केला आणि पुन्हा केला.

एसी लावल्यावर गाडीने कमी गॅस खाल्ला होता.

थोडाथोडका नाही, चांगलाच कमी. घरी पोचेपर्यंत माझी दोन मनं होत होती. बाबांची अट पाव हिश्श्याची होती. हा आकडा तर शून्याच्याही खाली गेला होता. मी नुसता सांगितला असता तर उद्या एसी लागला असता, बाबा ताजेतवाने पोचले असते. मला हवं होतं तेच आयतं हातात आलं होतं.

जेवायच्या आधी मी सांगितलं. बाबा खाटेवर बसले होते. आई पोळ्या करत होती.

"म्हणजे एसी लावला की गाडी गॅस बनवते?" बाबा म्हणाले.

आई आतून म्हणाली, "अहो, मग घरात पण बसवू या की एक. बिल उलटं येईल."

"तू थांब गं." बाबा माझ्याकडे वळले. "पाव हिश्श्यापेक्षा कमी आहे?"

"कमी आहे."

"मग शब्द म्हणजे शब्द. लाव उद्या."

ते असं म्हणाले, पण त्यांचा चेहरा मला ओळखीचा होता. लहानपणी मी एकदा डबा द्यायला कारखान्यात गेले होते. तेव्हा एका गेजचा काटा अडकला होता आणि साहेब म्हणत होता, सगळं ठीक आहे, काटा बघ ना. बाबा त्या काट्याकडे जसे बघत होते तसे ते आता माझ्याकडे बघत होते. मला कळलं की हे उद्या गाडीत बसतील, एसी लावू देतील आणि पहिल्याच वळणावर त्यांची बोटं माझ्या मनगटावर येतील. ज्या आकड्यावर विश्वास नाही त्या आकड्यावर हा माणूस काच वर करणार नाही.

"बाबा, हे चुकलंय," मी म्हणाले. "असं होऊच शकत नाही. एसीचा कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिनावर भार वाढून खाणं कमी होईल कसं?"

ते एकदम पुढे सरकले. "बस इथं. कुठं भरलास?"

"नेहमीच्याच पंपावर."

"मागच्या वेळी?"

"तिथेच."

"टायर?"

"तेच. हवा तपासली."

"रस्ता?"

"तोच."

"मग काय बदललं? काहीतरी बदललंच असणार."

आई पोळी हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. मी मनातल्या मनात सगळा दिवस पुन्हा चालवत होते. "आज संध्याकाळी भरला. मागच्या वेळी सकाळी. रांग होती. एक रिक्षावाला म्हणत होता की आज..."

आणि मी थांबले. बाबाही थांबले. आम्ही दोघं एकाच वेळी म्हणालो, "प्रेशर!"

बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला, आईने पाणी आणलं, तरी ते हसतच होते. मीही हसत होते, थोडी रडत होते. बाबांनी आयुष्यभर प्रेशर गेजकडे बघितलं होतं. मी रोज प्रयोगशाळेत सिलिंडर लावण्याआधी त्याचा दाब बघते. आणि घरात बसून आम्ही दोघांनी जो प्रयोग आखला त्यात दाब हा शब्दच नव्हता.

आईला काही कळेना. "काय झालं ते सांगा तरी."

मी तिला सांगितलं. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरली की भरली, सकाळी भरा नाहीतर संध्याकाळी. गॅसचं तसं नसतं. गॅसची टाकी कधी काठोकाठ भरत नाही, पंप जितक्या जोराने ढकलेल तितका गॅस आत बसतो. सकाळी जोर चांगला होता, जास्त बसला. आज जोर नव्हता, कमी बसला. गाडीने कमी खाल्लं नव्हतं, गाडीला कमी वाढलं होतं.

"हे मला आधीच कळलं असतं," आई म्हणाली. "पोरगी कमी जेवली का भांड्यात भाजीच कमी होती, हे मी बघते आधी."

"मग बोलली का नाहीस?"

"मला विचारलंत कधी? तुमचा प्रयोग चालला होता."

बाबांनी डोळे पुसले. आता पुन्हा दोन आठवडे मोजायला वेळ नव्हता, दुसऱ्याच दिवशी जायचं होतं. मी तेच म्हणणार तेवढ्यात मला सुचलं. "बाबा, उद्या सकाळी परत जाते. प्रेशर चांगलं असेल. आज जो बसला नाही तो उद्या बसेल. दोन्ही वेळचे मिळवायचे."

"मी येतो," बाबा म्हणाले.

"तुम्हाला पंपावर उतरावं लागेल. तीन मजले उतरून परत..."

"परत वर कशाला यायचं? तिथूनच जाऊ उल्हासनगरला. आणि सकाळी हवा चांगली असते."

सकाळी ते माझ्या आधी तयार होते. जिना उतरताना दोनदा थांबले, पण बसले नाहीत. पंपावर दोन-तीन गाड्याच होत्या. आमची पाळी आल्यावर बाबा उतरले आणि थेट मशीनपाशी जाऊन दाबाच्या काट्याकडे वाकून बघायला लागले.

"काका, तिकडे. पिवळ्या पट्टीच्या मागे," पंपावरची मुलगी म्हणाली.

"अगं, मी बॉयलरवाला आहे. मला सगळं कळतं."

"इथे सगळेच कोणीतरी असतात, काका. पट्टीच्या मागे."

बाबा पट्टीच्या मागे गेले, पण मान लांब करून बघत राहिले. काटा बराच पुढे जाऊन थांबला. त्यांनी मला लांबूनच अंगठा दाखवला, जणू काटा त्यांनीच तिथवर नेला होता. पंपावरची मुलगी आमच्याकडे बघून म्हणाली, "पहिल्यांदाच गॅस भरताय का?"

गाडीत बसून मी कालचे नि आजचे किलो मिळवले. कालच्या पंपापासून घर आणि घरापासून पंप एवढं अंतर ट्रिप मीटरमध्ये धरलं होतंच. आता जो आकडा येईल तो खरा असणार होता आणि खरा आकडा माझ्या बाजूचा असेलच असं नाही.

एसी गॅस खात होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. बाबांना वाटलं होतं त्यापेक्षा खूपच कमी. पाव हिश्श्याच्या बऱ्यापैकी आत होता.

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा नाकावर आणून आकडा दोनदा वाचला.

"खातो तर खरा," ते म्हणाले.

"खातो."

"पण अर्धा नाही."

"नाही."

हिशेब होईपर्यंत गाडी उन्हात उभी होती, आत भट्टी झाली होती. मी एसीला हात लावणार इतक्यात त्यांनी मला थांबवलं.

"थांब. आधी चारी काचा खाली कर. ही कोंडलेली गरम हवा आहे ती तशीच जाऊ दे की बाहेर. ती पण थंड करायला लावणार का बिचाऱ्याला?"

आम्ही काचा खाली करून थोडं अंतर गेलो. मग त्यांनी स्वतःच काचा वर केल्या आणि एसी लावला. लावताना पंखा एकवर ठेवला आणि थंडीचा नॉब शेवटपर्यंत फिरवला. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, पंखा जोरात म्हणजे गॅस जास्त. मी त्यांना सांगितलं की पंखा चालतो बॅटरीवर, तो थोडंच घेतो, खरा खादाड कंप्रेसर. त्यांनी नॉब मागे घेतला, पंखा वाढवला, गार वाऱ्यात तळहात धरून बघितला, पुन्हा मागे घेतला. बदलापूर सोडेपर्यंत त्यांचं तेच चालू होतं. मग एक बटण दाखवून त्यांनी विचारलं, "गाडीच्या चित्रात हा गोल बाण कसला?"

"त्याने बाहेरची हवा येत नाही. आतलीच फिरत राहते. गार झालेलीच पुन्हा गार होते, म्हणून भार कमी पडतो."

"म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, कंडेन्सेट, परत बॉयलरला." त्यांनी ते बटण दाबलं नाही, फक्त त्यावर बोट ठेवून बसले.

एमआयडीसीचं वळण आलं. पुढे डंपर होता, त्याच्या मागे पिवळट धूळ. बाबा सवयीने सरळ बसले, नाक वर केलं. काहीच वास आला नाही. मला वाटलं, आता काच खाली होणार. त्यांनी बोटाने बटण दाबलं.

"मेन व्हॉल्व्ह बंद," ते म्हणाले.

वळण संपेपर्यंत ते काचेतून धुराड्यांकडे बघत होते. "त्या दुसऱ्या चिमणीतून पांढरं येतंय ना, ती वाफ आहे. कुठेतरी गळतंय. कोणी बघतंय का नाही काय माहीत." एवढं सगळं त्यांनी एका दमात म्हटलं. मी गाडी चालवत राहिले.

हॉस्पिटलात त्या फिजिओथेरपिस्टने बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला, पुन्हा बघितला. खुर्चीकडे बोट न दाखवता म्हणाली, "चला काका, उभेच राहा. सुरू करू."

व्यायाम करता करता बाबा तिला गॅसचं प्रेशर समजावत होते. ती म्हणाली, "काका, बोलू नका, श्वास सोडा." ते श्वास सोडत आणि मग उरलेलं वाक्य पूर्ण करत.

येताना त्यांनी मला एका दुकानापाशी गाडी थांबवायला लावली. उल्हासनगरच्या बाजारात गाड्यांच्या सामानाची ओळच्या ओळ आहे. त्यांनी पुढच्या काचेला आतून लावायचा चंदेरी पडदा घेतला. दुकानदार म्हणाला, "काका, एक नंबर चीज़ है, गाड़ी ठंडी रहेगी." बाबा म्हणाले, "ठंडी रहेगी नहीं, कम गरम होगी. बराबर बोलो." दुकानदार माझ्याकडे बघून हसला.

अंबरनाथ मागे पडल्यावर त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, दमले असतील. मग त्यांनी एसीच्या नॉबच्या लाल बाजूकडे बोट केलं.

"हा लाल भाग हीटरचा ना?"

"हो."

"आपल्याकडे थंडीत सकाळी मरणाचं गार असतं. हीटर लावला तर तो किती खातो?"

"काहीच नाही, बाबा. इंजिन गरम होतंच. ती उष्णता एरवी बाहेरच जाते, तीच आत घ्यायची."

ते माझ्याकडे वळले. "म्हणजे फुकट?"

"फुकट."

"वाया जाणारी उष्णता, आणि फुकट." त्यांनी पाठ सीटला टेकवली. "मग थंडीत मोजू."